बीफ-भाजी परतताना पाणी सुटतं, मांस चिवट होतं: दर वेळच्या या तक्रारीवर उपाय

गेलं वर्षभर रविवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला की विषय मला आधीच कळायचा. "ताई, परत पाणी सुटलं."

तो जर्मनीत श्टुटगार्टला, मी पुण्यात कॅम्पात. त्याच्याकडे काचेची इलेक्ट्रिक शेगडी, माझ्याकडे गॅस. त्याला गाई-बैलाचं बीफ मिळतं, मला म्हशीचं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे दुकानात बीफ मागितलं तरी पिशवीत येतं ते म्हशीचंच. शेगडी वेगळी, जनावर वेगळं, सॉसच्या बाटल्या वेगळ्या, आणि तरीही दोघांच्या कढईत शेवटी दिसायचं तेच. करड्या पाण्यात तरंगणारे मांसाचे तुकडे, लुळी पडलेली सिमला मिरची, आणि चावताना जबडा दुखेल असं मांस. ते भातावर घेतलं की भाताचा चिखल.

सुरुवातीला आम्ही सगळे करतात तेच केलं. सॉस बदलला, मिरची वाढवली, महागातलं मांस आणलं. काही फरक पडला नाही. मग एकदा तो व्हिडिओ कॉलवर असताना मी त्याला म्हटलं, "तू बोलू नकोस, फोन कढईजवळ धर." मांस टाकल्यावर चार-पाच सेकंद चर्र आवाज आला, मग तो बसत गेला, आणि मिनिटभरात रटरट सुरू झालं. रस्सा शिजताना होते तशी. तिथे मला रोग कळला. तो परतत नव्हता, उकडत होता. मीही तेच करत होते, फक्त इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

पाणी येतं कुठून आणि जात का नाही

मांसात वजनाच्या साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. कोबी, सिमला मिरची, मशरूम यांत नव्वद टक्क्यांच्या वर. गरम कढईत हे पाणी बाहेर येणारच, ते थांबवता येत नाही. प्रश्न एवढाच की ते बाहेर पडल्याक्षणी वाफ होऊन जातं की तळाशी साठतं. वाफ होऊन गेलं तर चर्र आवाज चालू राहतो. साठलं तर कढईचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकतं, कारण पाणी असेपर्यंत त्याच्या फार वर जाता येत नाही. मांसाला तो खमंग तपकिरी रंग आणि वास यायला निदान १४० अंश लागतात. म्हणजे तळाशी पाणी आहे तोवर कितीही ढवळा, रंग येणार नाही.

मी एकदा हिशेब मांडून पाहिला, कारण भावाला आकड्यांशिवाय पटत नाही. घरच्या गॅसची मोठी शेगडी पूर्ण आचेवर जेमतेम तीन किलोवॅटची. त्यातली निम्मी उष्णता कढईच्या बाजूने हवेत जाते असं धरा. उरलेल्या दीड किलोवॅटवर शंभर मिलिलिटर गार पाणी तापवून पूर्ण उडवायला तीन मिनिटं लागतात. पाव किलोच्या वर मांस एकदम टाकलं की शंभर मिलिलिटर पाणी सहज सुटतं. ती तीन मिनिटं पातळ कापलेलं मांस उकळत्या पाण्यात पडून असतं, आणि तेवढ्यात ते चिवट होऊन मोकळं होतं.

चायनीजच्या गाडीवर असं होत नाही, कारण तिथल्या भट्टीची आच घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी पट जास्त असते. चिनी रेस्टॉरंटांत वोकच्या, म्हणजे खोलगट चिनी कढईच्या, शेगड्या घरच्याच्या दहापटही असतात. तिथे सुटलेलं पाणी जागच्या जागी उडतं. त्यांचा कुक अर्धा किलो माल एकदम टाकतो आणि आपण त्याचे व्हिडिओ बघून घरी तेच करतो. आपली आच वाढवता येत नाही, म्हणून आपल्याला माल कमी करावा लागतो.

आधी हे एवढं बदलून बघा

बाकी काहीही न बदलता पुढच्या वेळी मांस दोन-तीन घाण्यांत परता. भजी तळताना आपण घाणे काढतोच, तसंच. २६ सेंटिमीटरच्या पसरट कढईत एका वेळी शंभर ते दीडशे ग्रॅम, त्याहून जास्त नाही. तुकडे एकमेकांवर चढता कामा नयेत, मध्ये तळ दिसला पाहिजे. टाकल्यावर पहिली ४० ते ४५ सेकंद हात लावू नका. हे सगळ्यात अवघड आहे, हातात झारा असला की तो आपोआप फिरतो. पण खालची बाजू तपकिरी झाल्याशिवाय हलवलं की तुकडा तळाला चिकटून फाटतो आणि पाणी सोडतो. मग उलटवा, अजून अर्धं मिनिट, आणि ताटलीत काढा. थोडं गुलाबी दिसलं तरी काढा, शेवटी ते परत कढईत जाणार आहे.

दोन घाण्यांच्या मध्ये कढई पुन्हा तापू द्या. निदान मिनिटभर. घाई इथेच होते, आणि दुसरा घाणा बिघडतो.

कढई तापली की नाही हे बघायला तेल घालण्याआधी पाण्याचा एक थेंब टाका. तो नुसता चुरचुरून आटला तर अजून वेळ आहे. मण्यासारखा गोल होऊन तळावर पळाला की तेल घाला, आणि तेलावर धुराची पहिली पुसट रेघ दिसली की मांस. बिडाची किंवा जाड लोखंडी कढई असेल तर उत्तम, कारण ती उष्णता साठवून धरते आणि गार मांस पडलं तरी लगेच गारठत नाही. नॉनस्टिकवर मात्र ही थेंबाची आणि धुराची परीक्षा करू नका, तो लेप इतक्या आचेसाठी नसतो. नॉनस्टिकच असेल तर मध्यम-मोठ्या आचेवर आणखी छोटे घाणे काढा, रंग थोडा कमी येईल पण पाणी साठणार नाही.

काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भावाने हौसेने गोल तळाचा वोक घेतला होता. त्या शेगडीवर त्याचा रुपयाएवढा तळच टेकतो, बाकी सगळा हवेत. शिवाय आतली तार तापमानाप्रमाणे आपोआप चालू-बंद होत असते, त्यामुळे वोक उचलून झटके देत परतलं की जी काही उष्णता मिळत होती तीही तुटते. त्याने तो वोक बाजूला ठेवला, सपाट तळाचं जाड लोखंडी पॅन घेतलं, ते चांगली पाच मिनिटं तापवलं आणि शेगडीवरून उचलायचं बंद केलं. अर्ध्याहून जास्त सुधारणा एवढ्यानेच झाली.

पाणी सुटत नाही, तरी चिवटच

हा दुसरा आजार आहे आणि त्याचं औषध वेगळं आहे.

भावाच्या बाबतीत गोष्ट फार साधी निघाली. तो सुपरमार्केटमधून तयार चौकोनी तुकडे आणत होता, पाकिटावर 'गुलाश' लिहिलेले. गुलाश म्हणजे दोन-तीन तास मंद शिजणारा रस्सा. त्यासाठीचं मांस खांद्याचं, पायाचं असतं, म्हणजे जनावराच्या सतत चालणाऱ्या स्नायूंचं. त्यात जोड-ऊतक, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग, भरपूर, ते विरघळायला तास लागतात. ते मांस वाईट नाही, मी तर म्हणेन रश्श्याला त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. पण पाच मिनिटांत ते मऊ होणं अशक्य आहे. आता तो 'हुफ्टे' किंवा 'रुम्पस्टेक' हे तिथल्या दुकानातले मऊ तुकडे आणतो आणि स्वतः कापतो.

इथे पुण्यात-मुंबईत किंवा गोव्यात दुकानात 'अंडरकट' मागा. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूचा तो लांबट तुकडा, त्या स्नायूला काम कमी, म्हणून मऊ. महाग पडतो आणि सकाळी लवकर संपतो. नाही मिळाला तर मांडीचा सलग, चरबी-पडदा नसलेला तुकडा मागा आणि दुकानदाराला तुकडे करू देऊ नका. "अख्खा द्या, मी घरी कापते," एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने रश्श्याचे चौकोन करून मोकळा होतो.

कापण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते निम्मा चिवटपणा सुरीने जातो. मांसाचा तुकडा उजेडात धरून बघा. त्यात एका दिशेने जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, भुट्ट्याच्या केसांसारख्या समांतर. ते स्नायूचे धागे. सुरी त्या धाग्यांना आडवी चालली पाहिजे. धाग्यांच्या दिशेने कापलं तर प्रत्येक पट्टीत बोटभर लांब धागे अख्खे राहतात आणि ते तोडायचं काम दातांवर येतं. आडवं कापलं की तेच धागे ३ मिलिमीटरचे होतात, दाताखाली आपोआप सुटतात. मोठ्या तुकड्यात धाग्यांची दिशा मध्येच बदलते. तिथे थांबायचं, तुकडा फिरवायचा आणि मग पुढे कापायचं.

मऊ मांस सुरीखाली सरकतं म्हणून पातळ पट्ट्या पडत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे तुकडा कापण्याआधी ४० मिनिटं फ्रीझरमध्ये. पूर्ण गोठवायचा नाही, बाहेरून टणक आणि आतून दबेल इतपत. मग ३ मिलिमीटरच्या पट्ट्या सुरेख निघतात.

म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, त्यामुळे ते चटकन कोरडं पडतं. त्याला मी खायच्या सोड्याचा आधार घेते. ३०० ग्रॅम पट्ट्यांना पाव चमचा सोडा आणि दोन चमचे पाणी चोळून १५ ते २० मिनिटं ठेवायचं. सोड्याने मांसाचा पृष्ठभाग थोडा क्षारधर्मी होतो, प्रथिनं आचेवर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि पाणी आत धरून ठेवतात. म्हणजे एका दगडात दोन पक्षी, मऊपणाही येतो आणि कढईत पाणीही कमी सुटतं. नंतर मात्र दोन पाण्यांनी धुऊन सुती पंचात गुंडाळून नीट कोरडं करा. धुतलं नाही तर साबणासारखी चव येते, आणि धुऊन ओलंच टाकलं तर आपण पुन्हा पहिल्या पानावर.

कच्ची पपई इथे नको. कबाबाला ती ठीक आहे, पण इतक्या पातळ पट्ट्यांवर ती वरचा थर पिठूळ करते आणि आतपर्यंत पोचत नाही. दह्यात किंवा खूप व्हिनेगरमध्ये मुरवणंही नको, तो ओलावा सगळा कढईत उतरतो.

कोरड्या पट्ट्यांना एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि एक चमचा तेल लावून दहा मिनिटं ठेवा. चिनी स्वयंपाकात ही जुनी युक्ती आहे. कॉर्नफ्लोअरचा पातळ लेप रस आत ठेवतो आणि नंतर सॉस त्यालाच चिकटतो. लेप म्हणजे लेप, भज्यासारखं पीठ नाही. बोटांना ओशट लागेल, पण वाटीच्या तळाला पांढरं पाणी साठलेलं दिसता कामा नये.

आणि समजा घरात रश्श्याचंच मांस आहे, पाहुणे दारात आहेत? मग गोव्यातल्या घरांकडून शिका. तिथे बीफ चिली फ्राय करताना कितीतरी घरांत मांस आधी आलं-लसूण घालून शिजवून घेतात आणि मग कांदा-मिरचीवर परततात. कुकरमध्ये अगदी कमी पाणी घालून शिजवा, मांस काढून पूर्ण निथळा आणि गार करून मग कापा. गरम असताना कापलं तर भुगा होतो. उरलेलं पाणी फेकू नका, आटवून दोन चमचे सॉसमध्ये घाला.

भाज्या

भाज्या मांसाबरोबर कढईत असू नयेत. मांस काढल्यावर त्याच कढईत, आधी गाजर आणि फरसबी, मिनिटभराने सिमला मिरची आणि कांद्याच्या मोठ्या पाकळ्या, कोबी अगदी शेवटी, पातीचा कांदा गॅस बंद केल्यावर. भाज्या कापण्याच्या तासभर आधी धुऊन पुसून ठेवा. चाळणीत निथळल्या म्हणजे कोरड्या झाल्या असं नाही, कोबीच्या पानांच्या घड्यांत भरपूर पाणी राहतं. मीठ भाज्यांवर आधी घालू नका, ते पाणी ओढून काढतं. सोया सॉसमध्ये मीठ असतंच, बहुतेक वेळा वरून लागत नाही. मशरूम हवे असतील तर त्यांचा वेगळा घाणा काढा. फ्रोझन भाज्यांचं पाकीट इथे वापरू नका, त्यातला बर्फच सगळा बेत मोडतो.

तीन माणसांना ३०० ग्रॅम मांस असेल तर भाज्याही साधारण तेवढ्याच. लोक मांस कमी म्हणून भाज्या दुप्पट घालतात आणि मग पाणी सुटलं म्हणतात.

तिखट आहे पण कडू लागतंय

लसूण किंवा सुकी मिरची जळली आहे. मांसाला लागते ती आच लसणीला सोसत नाही. मांस काढल्यावर गॅस बारीक करा, अर्धं मिनिट थांबा, मग थोडं तेल, आलं, लसूण, मिरची, आणि वास सुटला की लगेच भाज्या. ब्याडगीने रंग येतो, तिखटपणासाठी लवंगी. हिरवी मिरची मला यात जास्त आवडते. चीनच्या हुनान प्रांतात ताज्या मिरच्या आणि बीफच्या पातळ कापांची अशीच झटपट परतलेली भाजी भातासोबत खातात, तिच्या नावातल्या 'शिआओ छाओ'चा शब्दशः अर्थ 'छोटं परतणं'. घाणा मोठा करायचा मोह झाला की मी ते नाव आठवते. माझ्याकडे खलबत्त्यात भरड कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा बहुधा तयार असतोच. तव्यावर भाजून केलेला असल्याने त्यात पाणी नसतं, त्यामुळे तो इथे फार चांगला बसतो. अर्धा चमचा, शेवटी.

आणि कोकणातलं, गोव्यातलं कोणी वाचत असेल तर तिरफळं घालून बघाच. सिचुआनची जी जीभ बधिर करणारी मिरी म्हणतात ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. आपण तिरफळं बांगड्याच्या आमटीत घालतो, बीफमध्ये घालायचं सुचत नाही. काळी बी काढून टाका, टरफलं कोरडी भाजून भरड कुटा. ३०० ग्रॅमला पाच-सहा टरफलं पुरतात. पहिल्यांदा घातली तेव्हा स्वयंपाकघरात आजोळचा वास आला आणि ताटात तर भलताच पदार्थ होता. त्या दिवसापासून मी पाकिटातला शेजवान सॉस आणलेला नाही.

सॉस

वाटीत आधीच कालवून ठेवा. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक लहान चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा साखर, अर्धा लहान चमचा कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे गार पाणी. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, ओतण्याआधी पुन्हा ढवळा, नाहीतर गाठी होतात. मांस आणि त्याच्या ताटलीत साठलेला रस कढईत परत घातल्यावर सॉस कडेने ओता, मधोमध नाही. कडेची कढई मोकळी आणि जास्त तापलेली असते, तिथे सॉस खळखळून चटकन दाटतो. अर्धं मिनिट, की उतरवा. खळ झाल्यासारखं वाटलं तर कॉर्नफ्लोअर जास्त झालं, एक चमचा गरम पाणी घालून सोडवा.

भात

भात कढई तापवण्याआधी तयार पाहिजे. परतणं सगळं मिळून सात-आठ मिनिटांचं काम आहे, मांसाला भातासाठी थांबवलं तर ते आपल्याच वाफेत शिजत राहतं.

सोबत खायचा असेल तर इंद्रायणी किंवा आंबेमोहोरसुद्धा चालतो. चिकट भात म्हणून लोक नाक मुरडतात, पण जिथे काड्यांनी जेवतात तिथे थोडा चिकट भातच सोयीचा. फक्त पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी. बासमती असेल तर वीस मिनिटं भिजवून, भरपूर पाण्यात उकळून, वेळून काढा आणि परातीत पसरा. वेळलेल्या भातावर वाफेचं पाणी राहत नाही, त्यामुळे सॉस शितांवर बसतो, खाली तळं होत नाही. कढईत मांसाबरोबर परतायचाच असेल तर मात्र आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला, हाताने मोकळा केलेला भात घ्या. ताजा भात तिथे लगदाच होतो.

आदल्या दिवशीचा म्हणजे रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नव्हे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढून असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात पसरून तासाभरात गार करा, फ्रिजमध्ये टाका, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. उरलेलं मांस भातात मिसळून ठेवू नका, वेगळ्या डब्यात ठेवा. गरम करताना डब्यातलं मांस थेट मायक्रोवेव्हमध्ये घातलं की पुन्हा चिवट होतं. कढई तापवून त्यात आधी भात परता, आणि मांस शेवटच्या मिनिटाला घाला.